कारखान्यातल्या पॅनेलला आग लागू नये म्हणून

कारखान्यात आग लागली की पंचनाम्यात आणि बातमीत एकच कारण येतं: शॉर्टसर्किट. पण शॉर्टसर्किट ही बऱ्याचदा शेवटची पायरी असते. सुरुवात झालेली असते एखाद्या ढिल्या जोडापासून. थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) आणि बसबार (पॅनेलमधली वीज वाहणारी धातूची पट्टी) यांचा संपर्क कमी होतो, तिथे उष्णता वाढते, केबलचं इन्सुलेशन कित्येक आठवडे भाजत राहतं, ठिसूळ होऊन गळतं आणि एक दिवस दोन फेज एकमेकांना भिडतात. देखभाल करणाऱ्याचं काम त्या आधीच्या आठवड्यांत आहे.

ब्रेकर आहे म्हणून हे टळत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. ४०० अँपिअरच्या एमसीसीबीमधून (मोठ्या करंटच्या ब्रेकरमधून) २०० अँपिअर वाहत असतील तर त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. पण वाटेतल्या एका जोडाचा रोध १ मिलिओह्म झाला, तर तिथे २०० × २०० × ०.००१ म्हणजे ४० वॅट उष्णता तयार होते. बोटभर जागेत एक सोल्डरिंग आयर्न चोवीस तास चालू ठेवल्यासारखंच हे आहे. लोड ३०० अँपिअरवर गेला की तीच उष्णता ९० वॅट होते. करंट दीडपट झाला, उष्णता सव्वादोनपट. ब्रेकर करंट मोजतो, जोडाचं तापमान मोजत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं.

थर्मोग्राफी गुरुवारी करू नका

भोसरी, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारची. महावितरणची देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. त्यामुळे थर्मोग्राफीवाल्यालाही (उष्णता दाखवणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पॅनेल तपासणाऱ्यालाही) गुरुवारीच बोलावण्याची सवय पडली आहे. त्या दिवशी मशिन बंद, लोड नाही, म्हणून जोडही थंड. अहवालात सगळे फोटो निळे येतात आणि ती फाइल ऑडिटला दाखवली जाते. या अहवालाचा काडीचा उपयोग नाही.

थर्मोग्राफी मंगळवारी किंवा बुधवारी, सगळ्या मशिन आणि कॉम्प्रेसर चालू असताना करा. फीडरवर (पॅनेलमधून निघणाऱ्या लाइनवर) किमान ४० टक्के लोड हवा आणि तो तासभर तरी स्थिर असावा. प्रत्येक फोटोसोबत तिन्ही फेजचा करंट लिहून घ्या. त्या आकड्याशिवाय तापमानाला अर्थ नाही. सापडलेले जोड गुरुवारी शटडाऊन घेऊन दुरुस्त करा आणि पुढच्या आठवड्यात लोडवर पुन्हा फोटो घ्या.

वाचताना एकट्या तापमानाकडे पाहू नका, सारख्या लोडवरच्या तीन फेजमधला फरक पाहा. १ ते ३ अंशांचा फरक असेल तर नोंद करून ठेवा. ४ ते १५ अंश असेल तर पुढच्या शटडाऊनला काम करायचं. १५ च्या वर असेल तर गुरुवारची वाट पाहू नका, लोड कमी करा आणि लगेच दुरुस्तीला घ्या. फोटो अर्ध्या लोडवर घेतला असेल तर पूर्ण लोडवर हा फरक तिपटी-चौपटीने वाढतो, हे धरूनच निर्णय घ्या. अर्ध्या लोडवरचे १२ अंश दिसायला किरकोळ असतात, पण ते किरकोळ नसतात.

एक फसवणूक नेहमी होते. चकचकीत तांब्याचा बसबार कॅमेऱ्याला थंड दिसतो, कारण तो स्वतःची उष्णता फारशी उत्सर्जित करत नाही आणि समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब दाखवतो. म्हणून कॅमेरा उघड्या धातूवर न रोखता शेजारच्या स्लीव्हवर (जोडावरच्या इन्सुलेशनच्या नळीवर), केबलच्या इन्सुलेशनवर किंवा रंगवलेल्या भागावर रोखा. महत्त्वाच्या जोडांवर शटडाऊनमध्येच काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवला तर दरवेळी त्याच जागेचं भरवशाचं वाचन मिळतं.

चालू पॅनेलचं कव्हर उघडणं हेच मुळात धोक्याचं काम आहे. ते अधिकृत माणसानेच करायचं, आर्कपासून (विजेच्या ठिणगीच्या लोळापासून) वाचवणारा कोट, फेसशील्ड आणि योग्य हातमोजे घालून, पायाखाली आयएस १५६५२ मानकाची इन्सुलेटिंग मॅट असताना. मुख्य पॅनेलला इन्फ्रारेड खिडकी बसवून घेतली तर दरवेळी कव्हर काढावं लागत नाही.

कॅमेरा नसला तरी नाक आणि डोळे आहेत. पॅनेल बंद आणि लॉक केल्यावर पाहा: आर, वाय, बी पैकी एकाच फेजची स्लीव्ह आक्रसून मागे सरकली आहे का, थिंबलजवळचं तांबं जांभळट-काळं पडलं आहे का, एमसीसीबीच्या टर्मिनलजवळचं प्लास्टिक तपकिरी झालं आहे का. माशासारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल तर कोणता ना कोणता जोड किंवा कॉइल भाजते आहे. वास येऊन गेला म्हणजे दोष गेला, असं नसतं.

गरम झालेला जोड: नुसता टाइट करू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. वायरमन पाना घेऊन नट आवळतो, दोन दिवस बरं चालतं, मग तोच जोड आधीपेक्षा जास्त तापतो. कारण एकदा तापलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसलेला असतो, स्प्रिंग वॉशरची ताकद गेलेली असते आणि ॲल्युमिनियम दाबाखाली पसरलेलं असतं. जास्त आवळलं की ते आणखी पसरतं, थंड झाल्यावर पुन्हा ढिलं पडतं.

नीट दुरुस्ती अशी होते. आधी सप्लाय बंद, ब्रेकरला कुलूप, चावी काम करणाऱ्याच्या खिशात. दोन टोकांच्या टेस्टरने किंवा मीटरने तिन्ही फेज मृत असल्याची खात्री करा आणि तो मीटर आधी आणि नंतर चालू सप्लायवर तपासा. निऑनचा स्क्रूड्रायव्हर-टेस्टर पुरावा धरू नका. डीजी सेट (डिझेल जनरेटर) किंवा सोलरकडून उलटा सप्लाय येत नाही ना, तेही पाहा. आता छपरावर सोलर असलेले शेड वाढले आहेत, त्यामुळे हा मुद्दा पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

मग जोड पूर्ण उघडा. केबलचं कंडक्टर काळं पडलं असेल तर चमकदार धातू आणि मऊ इन्सुलेशन दिसेपर्यंत मागे कापा. जुनं थिंबल पुन्हा वापरू नका. ॲल्युमिनियमच्या तारा ब्रशने घासा आणि ऑक्साइड रोखणारं कंपाउंड ताबडतोब लावा, कारण ऑक्साइड काही क्षणांत पुन्हा तयार होतं. थिंबल केबलच्या मापाचंच हवं. थिंबलात मावत नाहीत म्हणून बाहेरच्या चार तारा कापणं हा गुन्हाच समजा. तेवढाच करंट मग उरलेल्या तारांतून जातो आणि दाबून केलेला जोड, म्हणजे क्रिंपही, पोकळ राहतं. डाय (दाब देणाऱ्या यंत्राचा साचा) त्याच मापाची घ्या, मोठ्या थिंबलाला दोन ठिकाणी दाब द्या, पहिला दाब बसबारकडच्या बाजूला. ॲल्युमिनियमची केबल उघड्या तांब्यावर आणायची असेल तर बायमेटलिक (दोन्ही धातूंचं) थिंबल वापरा. दमट हवेत तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजतं, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर दमट हवाच असते.

बोल्ट ८.८ ग्रेडचा, शंकूच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर आणि जाड सपाट वॉशर. टॉर्क रेंचने साधारण एम८ ला २० ते २५, एम१० ला ४० ते ५०, एम१२ ला ७० ते ८५ न्यूटन-मीटर. पॅनेल किंवा ब्रेकर बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. एमसीसीबीच्या टर्मिनलमधले आटे जास्त आवळल्याने सहज जातात. आवळून झालं की नटापासून बसबारपर्यंत मार्करची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे, पाना न लावताच कळतं.

केबल: लोड वाढला, तार तीच

लहान गाळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं ते हे. सुरुवातीला दोन लेथ आणि एक ड्रिल, मग एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशिन), मग दुसरी, मग स्क्रू कॉम्प्रेसर. मंजूर भार वाढवून घेतला जातो, मीटर बदलतो, पण मीटरपासून पॅनेलपर्यंतची केबल पहिल्या दिवसाचीच राहते. ब्रेकर सारखा पडतो म्हणून तो मोठा बसवला जातो. त्या क्षणी केबलचं संरक्षण संपलं. ब्रेकरचं रेटिंग केबलच्या क्षमतेपेक्षा जास्त कधीही नको. ब्रेकर मोठा करायचा असेल तर केबल आधी बदला.

कॅटलॉगमधली केबलची क्षमता सहसा ४० अंश हवेसाठी दिलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळच्या ट्रेमध्ये ५० अंश सहज होतात. तिथे एक्सएलपीई इन्सुलेशनच्या केबलची क्षमता सुमारे ११ टक्क्यांनी आणि पीव्हीसीची सुमारे १८ टक्क्यांनी घटते, कारण एक्सएलपीई ९० अंश सोसते, पीव्हीसी ७० अंशच. ट्रेमध्ये केबली एकमेकींना चिकटून रचल्या असतील तर आणखी घट. म्हणून ट्रेमध्ये एका केबलच्या जाडीएवढं अंतर ठेवा आणि ट्रे कधी भंगार, पुठ्ठे ठेवायच्या फळ्या म्हणून वापरू देऊ नका.

न्यूट्रलकडेही लक्ष द्या. एलईडी, यूपीएस, संगणक यांचा तिसरा हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट वारंवारितेचा करंट) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये बेरीज होतो, आणि न्यूट्रलचा करंट फेजपेक्षा जास्त होऊ शकतो. साडेतीन कोअर केबलमध्ये न्यूट्रल अर्ध्या मापाचा असतो. ऑफिस आणि लाइटिंगच्या फीडरवर न्यूट्रलला क्लॅम्प मीटर लावून एकदा पाहाच. आणि न्यूट्रल ढिला झाला तर सिंगल फेजच्या उपकरणांवर २३० ऐवजी ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात. एकाच दिवशी पाच-सहा पॉवर सप्लाय उडाले तर आधी न्यूट्रल तपासा.

एपीएफसी पॅनेल

महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर (नुसत्या युनिटऐवजी एकूण केव्हीए-तासांवर) निघतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) सांभाळणं आता सरळ पैशाचा प्रश्न आहे आणि कपॅसिटरचं एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं) जवळपास प्रत्येक कारखान्यात आहे. देखभालीत मात्र त्याचा नंबर शेवटचा. कोपऱ्यात, बंद दारामागे, पंखा बंद पडलेला, जाळीवर धुळीचा थर. आगीच्या दृष्टीने आमच्या मते कारखान्यातलं सगळ्यात दुर्लक्षित पॅनेल हेच.

महिन्यातून एकदा प्रत्येक टप्प्याचा करंट ट्रू आरएमएस (विकृत करंटही बरोबर मोजणाऱ्या) क्लॅम्प मीटरने मोजा. ४४० व्होल्टच्या २५ केव्हीएआर (कपॅसिटरचं माप) कपॅसिटरला ४१५ व्होल्टवर सुमारे ३१ अँपिअर यायला हवेत, तिन्ही फेजवर सारखे. २५ च्या खाली आले तर कपॅसिटर संपत आला आहे. ४० च्या पुढे गेले तर हार्मोनिक्स त्याच्यात शिरत आहेत, १.३ पट म्हणजे ४३ अँपिअरच्या पुढे तो चालवायचाच नाही. कॅनचं झाकण फुगलं, तेल किंवा राळ पाझरली तर तो लगेच सुटा करा. आतला दाब वाढून कनेक्शन तुटण्याची सोय कॅनमध्ये असते, पण ती चालायला वर मोकळी जागा लागते. कॅनच्या डोक्यावर आखडून बसबार किंवा वायर नेली तर ती सोय निकामी होते.

कॉन्टॅक्टर (कपॅसिटर जोडणारा-सोडणारा विजेवर चालणारा स्विच) कपॅसिटर-ड्यूटीचाच हवा. त्याच्या बाजूच्या तारा रेझिस्टरचं काम करतात आणि सुरुवातीचा झटका अडवतात. साधा कॉन्टॅक्टर त्या झटक्याने चिकटतो आणि मग कपॅसिटर रात्रंदिवस, लोड नसतानाही, लाइनवर राहतो. रिलेमध्ये पुन्हा जोडण्याची वेळ किमान ६० सेकंद ठेवा. आधीचा चार्ज उतरायच्या आत पुन्हा जोडला तर झटका दुप्पट बसतो.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), इंडक्शन फर्नेस, सर्वो मशिन जास्त असतील तर साध्या कपॅसिटरऐवजी रिअॅक्टरसह (हार्मोनिक्स अडवणाऱ्या कॉइलसह) कपॅसिटरची बँक लागते. ७ टक्के रिअॅक्टर लावला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी वाढतं, म्हणून ४४० चा कपॅसिटर तिथे चालत नाही, ४८० किंवा ५२५ व्होल्टचा घ्यावा. जुन्या पॅनेलमध्ये नुसते रिअॅक्टर आणून जोडणाऱ्यांनी हे विसरू नये. हात घालण्यापूर्वी सप्लाय बंद करून पाच मिनिटं थांबा, मग मीटरने पाहा.

ब्रेकर, फ्यूज, ओव्हरलोड रिले

मुख्य पॅनेलवरचा ब्रेकर किती किलोअँपिअर तोडू शकतो ते ट्रान्सफॉर्मरवरून ठरतं. ५०० केव्हीए, ४.५ टक्के इम्पिडन्सच्या ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर सुमारे १५ किलोअँपिअरचा फॉल्ट (शॉर्टसर्किटचा करंट) येऊ शकतो. १००० केव्हीए, ५ टक्क्यांवर सुमारे २७. अशा बसबारवरून १० किलोअँपिअरचा एमसीबी (छोटा ब्रेकर) थेट काढला तर मोठ्या फॉल्टला तो फुटू शकतो, आणि फुटलेला ब्रेकर स्वतःच आगीचं कारण होतो. मध्ये एचआरसी (मोठा फॉल्ट तोडू शकणारा) फ्यूज किंवा योग्य एमसीसीबी हवा. एचआरसी फ्यूजच्या जागी तांब्याची तार कुठल्याही परिस्थितीत घालायची नाही. एक फ्यूज उडाला तर दोन सुटे फ्यूज जवळ असावेत म्हणजे रात्रपाळीला तो मोह होत नाही.

मोटरचा ओव्हरलोड रिले पाटीवरच्या करंटवर लावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर कमी करंटवर सुरू करणाऱ्या) रिले मेन कॉन्टॅक्टरखाली, वाइंडिंगच्या वाटेत असेल तर सेटिंग ०.५८ पट: १५ एचपी मोटरचे २१ अँपिअर धरले तर रिलेवर १२. तो २१ वर ठेवलेला सर्रास आढळतो, आणि अशी मोटर रिले न पडता जळते.

लाइटिंग, सॉकेट आणि ऑफिसच्या बोर्डांना ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट ओळखून सप्लाय तोडणारा) आगीपासून वाचवतो; हातात धरायच्या ग्राइंडर-ड्रिलच्या सॉकेटना माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा हवा. सारखा पडतो म्हणून आरसीसीबी बायपास करू नका. मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर) लावून गळती कुठे आहे ते शोधा.

धूळ, ऑइल, पाऊस, उंदीर

मशिन शॉपमध्ये कूलंटची वाफ आणि धातूचा भुगा पॅनेलमध्ये शिरतो. फाउंड्रीत कार्बनची धूळ. दोन्ही वीज वाहू देतात, आणि तेलकट थर पेटतोही. पॅनेल तापतं म्हणून दार उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावणं म्हणजे हा भुगा आत फुंकणं. त्याऐवजी फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, पॅनेल एसीचं कंडेन्सर साफ ठेवा, निचऱ्याची नळी बाहेर काढा. सफाई व्हॅक्यूम क्लीनरने. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकलं तर भुगा कॉन्टॅक्टरच्या आत जाऊन बसतो, शिवाय त्या हवेत पाणी असतं.

मे संपायच्या आत सगळ्या ग्लँड प्लेटा (केबल आत येण्याच्या भोकांच्या पट्ट्या) पाहा. काढलेल्या केबलचं भोक उघडं असेल तर पाली आणि उंदरांसाठी ती वाटच आहे; बसबारवर आडवी पडलेली पाल फॉल्टला पुरते. भोकं ब्लँकिंग प्लगने, केबल ट्रेंच आणि भिंतीतली आरपार भोकं आगरोधक सीलंटने बंद करा. फोम किंवा चिंध्या कोंबू नका. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या पॅनेलमध्ये स्पेस हीटर चालू ठेवा, आणि दोन दिवसांच्या बंदनंतर मोटर सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने मोजा. १ मेगाओह्मच्या खाली असेल तर आधी सुकवा.

वेल्डिंगबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. परतीच्या वायरचा क्लॅम्प जॉबलाच, वेल्डच्या जवळ लावायचा. शेडच्या खांबाला लावला तर वेल्डिंगचा दीडशे-दोनशे अँपिअर करंट भलत्याच मशिनच्या अर्थिंग वायरमधून परततो आणि ती बारीक वायर ट्रेमध्येच लालबुंद होते.

ट्रान्सफॉर्मर आणि स्विच रूम

तेलाची पातळी, गळती आणि ब्रीदरमधल्या (ट्रान्सफॉर्मरची हवा कोरडी करणाऱ्या डब्यातल्या) सिलिका जेलचा रंग आठवड्याला पाहा. निळं जेल गुलाबी झालं की बदला. तेलाचं बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसतं ते) वर्षातून एकदा तपासा, ३० केव्हीच्या खाली आलं की फिल्ट्रेशन. सोक पिटमध्ये (सांडलेलं तेल साठवणाऱ्या खड्ड्यात) पालापाचोळा साठू देऊ नका.

स्विचबोर्डसमोर किमान १ मीटर मोकळी जागा आणि मागे एकतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा ७५ पेक्षा जास्त, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. मधल्या अंतरात माणूस अडकतो, म्हणून. स्विच रूमचं गोदाम करू नका: थिनरचे डबे, पॅकिंगचे खोके, युनिफॉर्मची गाठोडी, सगळं बाहेर. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं. त्याच वेळी स्विच रूममधले आग विझवायचे सिलिंडर वजन करून पाहा.

धूर दिसलाच तर

आधी वरचा ब्रेकर, म्हणजे त्या पॅनेलला सप्लाय देणारा, बंद करा. धूर येणाऱ्या पॅनेलचा स्वतःचा हँडल ओढायला जाऊ नका. दार सताड उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. ४.५ किलोचा सीओटू (कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर) दाराच्या फटीतून किंवा जाळीतून मारा. सीओटू गारवा देत नाही, त्यामुळे ज्वाळा विझल्या तरी दुसरा सिलिंडर हातात ठेवून उभे राहा. छोट्या बंद खोलीत तो मारला तर लगेच बाहेर या, श्वास कोंडतो. एबीसी पावडर आग विझवते पण तिची पूड दमट हवेत धातू खाते, म्हणून ड्राइव्ह आणि पीएलसीच्या (मशिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या) पॅनेलला ती शेवटचा पर्याय. दोन सिलिंडरांत विझली नाही तर बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. अग्निशमन दलाला एचटी (उच्चदाब) सप्लाय आणि सोलर बंद झालाय की नाही ते फाटकावरच सांगा.

आग विझल्यावर सप्लाय लगेच द्यायचा नाही. जळालेल्या पीव्हीसीच्या धुरातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते त्याच खोलीतल्या न जळलेल्या पॅनेलांवरही बसतं. विमा सर्व्हेअरचे फोटो झाले की सगळ्या पॅनेलमधली काजळी पुसून काढा, इलेक्ट्रॉनिक कार्डं तज्ज्ञाकडून धुवून घ्या, कॉन्टॅक्टर बदला आणि मेगर घेतल्यावरच एकेक फीडर चढवा. त्यानंतर पंधरा दिवसांनी, पूर्ण लोडवर, शेजारच्या पॅनेलांचीसुद्धा थर्मोग्राफी पुन्हा करा.